चेंडूला मोटार म्हणणारी सूनबाई

माझ्या सूनबाईला तिच्या कामातली माणसं ‘नाहीबाई’ म्हणतात. तोंडावर कुणाची टाप नाही, पण तिला ते ठाऊक आहे. माझा अंदाज विचाराल तर मनातून तिला ते आवडतंही.

ती घरीच बसून काम करते. म्हणजे नेमकं काय करते, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता तिनेच समजावलं.

“बाबा, संगणकाच्या पोटात एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. कीबोर्ड, माऊस ही बाहेरची यंत्रं आणि आतले प्रोग्राम एकमेकांशी थेट बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते गाभ्यामार्फत. आणि त्या बोलण्याचे शब्द ठरलेले आहेत. ‘बटण दाबलं’, ‘उजवीकडे सरकलं’, असे. कुणी नवं यंत्र काढलं की त्याला नवा शब्द हवा असतो. तो द्यायचा की नाही, हे मी बघते.”

“म्हणजे अबोला धरलेल्या दोन जावांमधली सासू.”

“तसंच समजा. फक्त ही सासू कुणाची बाजू घेत नाही.”

“मग ती सासू कसली?” मी म्हणालो, आणि आतून आमच्या हिने पळी आपटल्याचा आवाज आला.

तर देशोदेशीची माणसं सूनबाईकडे नव्या शब्दाची मागणी करतात आणि ती सगळ्यांना नाही म्हणते. मी विचारलं, “अगं, एखाद्या शब्दाने काय बिघडतं? चुकला तर काढून टाक.”

“तीच तर मेख आहे. दिलेला शब्द परत घेता येत नाही. कुणीतरी त्याच्यावर विसंबून बसलेलं असतं.”

हे मात्र मला चटकन पटलं, कारण आमच्या शाळेत हे घडलेलं आहे. एकच खोली, एकच मास्तर. एकदा पावसाने फुगून दार अडकलं, तेव्हा मास्तरांनी मोठ्या मनाने आम्हाला खिडकीतून बाहेर जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी सुताराने दार तासून दिलं, पण दाराने जाणार कोण? मास्तरांनी खिडकीला गज लावायला घेतले, तर एक आई तणतणत आली. “आमचं पोर खिडकीनेच घरी येतं, तिथून वाट जवळ पडते!” गज काही लागले नाहीत. मास्तर गेले, शाळा गेली, तिथे धान्याचं कोठार झालं, तरी हमाल पोती खिडकीतूनच काढत.

सूनबाईची खिडकी म्हणजे एक घंटा. कामाला नवी नवी लागली होती तेव्हा उत्साहाच्या भरात तिने एका कंपनीच्या टेबलावरच्या घंटेला स्वतंत्र शब्द देऊन टाकला. वरून टपली मारली की टिंग वाजते आणि संगणकाला कळतं. कंपनी केव्हाच बुडाली, घंटा बाजारातून गेली. पण जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एका ग्रंथपालाकडे ती अजून आहे, आणि सूनबाईने काही बदललं नि त्याची घंटा मुकी झाली की तो लगेच तक्रार ठोकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर ती आपल्या टेबलावरची घंटा वाजवून बघते. घरात टिंग झालं की आमची ही म्हणते, “बाईंची चूक वाजली.”

आता मुख्य गोष्ट. माझी लेक इस्पितळात रुग्णांच्या हातापायांचे व्यायाम करून घेते. तिने एका कारागिराला हाताशी धरून एक चेंडू बनवला. मऊ, संत्र्याएवढा, तारेने संगणकाला जोडलेला. जितका जोरात दाबाल तितकं संगणकाला कळतं. हा चेंडू तिने केला तो माझ्या दोस्तासाठी, पेंटरसाठी.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. गावातली निम्मी अक्षरं त्याच्या हातची. आजारपणात त्याचा उजवा हात अर्धा गेला. मूठ आवळते, पण ब्रश धरवत नाही. आणि त्याच्या मुलीचं केस कापायचं दुकान पुढच्या आठवड्यात उघडणार होतं. पेंटरचा हट्ट एकच: पाटी माझ्याच हातची. नाहीतर दुकान बिनपाटीचं राहू दे! डाव्या हाताने माऊस फिरवून संगणकावर अक्षर काढायला तो शिकला होता, पण रेघ सगळीकडे सारखी जाड. “ही काय अक्षरं आहेत?” तो म्हणायचा. “शेवया आहेत.” रेघेची जाडी उजव्या मुठीने ठरवायची, यासाठी हा चेंडू.

लेक चेंडू घेऊन थेट सूनबाईच्या खोलीत. “वहिनी, ‘आवळलं’ असा एक शब्द घालून दे.”

“नाही.”

“ऐकून तरी घे!”

“ऐकलं. नाही.”

“अगं, घरचीच आहेस ना तू?”

“म्हणून तर नाही. उद्या सगळे म्हणतील, नणंदेचा चेंडू गाभ्यात बसवला. आणि ताई, आज घातला तरी लोकांच्या संगणकात पोचायला वर्ष जाईल.”

लेकीचं तोंड उतरलं. “मग पेंटरकाकांनी वर्षभर शेवया काढायच्या?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, तुम्ही बोला हिला!”

एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे चहा करून देणारी सून. मला एकाएकी माझा चष्मा सापडेनासा झाला.

सूनबाई उठली. “आधी पेंटरकाकांच्या हातात चेंडू द्या. मला बघू दे.”

पेंटर आला, बसला, चेंडू मुठीत धरला. सूनबाई पडद्याकडे बघतच नव्हती, त्याच्या मनगटाकडे बघत होती. पेंटर अक्षर काढू लागला. वळण आलं की मूठ आवळायचा, आणि आवळता आवळता चेंडू किंचित पिळायचा. लेक म्हणाली, “काका, पिळू नका. नुसतं दाबा.”

“पोरी, मी कुठे पिळतोय? हात पिळतोय. पाटीचा ब्रश चपटा असतो. वळणावर बोटांत फिरवावा लागतो, नाहीतर अक्षर मान मोडून पडतं.”

सूनबाई हसली. “ताई, तुझ्या म्हणण्याप्रमाणे ‘आवळलं’ शब्द दिला असता, तर पुढच्या महिन्यात ‘पिळलं’ मागायला आली असतीस. मग ‘आवळून पिळलं’. चेंडूला फिरवल्याचं कळतं का?”

“आतल्या चिपला कळतं,” लेक पुटपुटली. “मी ते वापरलंच नव्हतं.”

“मग झालं की! किती दाबलं आणि किती वळवलं, हे दोन्ही शब्द गाभ्यात कधीचे आहेत.”

“कुणासाठी?”

“मोटारींच्या खेळांसाठी. पायाखालचा वेग आणि हातातलं चाक. तुझ्या चेंडूने संगणकाला सांगायचं, मी मोटार आहे.”

लेक ताडकन उभी राहिली. “माझा चेंडू? मोटार? इस्पितळात मी काय सांगू?”

“सांग, पेट्रोल लागत नाही,” मी म्हणालो. तेवढ्यात माझा चष्मा सापडला होता.

रुसवा दोन चहा टिकला. शेवटी पेंटरच म्हणाला, “बाई गं, त्याला बैलगाडी म्हणा, विमान म्हणा. अक्षर माझं उमटू दे.” मग लेकीने आणि तिच्या कारागिराने बसून चेंडूला मोटारीची बोली शिकवली आणि चित्राच्या प्रोग्रामला वेगाचा अर्थ जाडी आणि चाकाचा अर्थ ब्रशचा तिरपेपणा असा समजावला. गाभ्याला कुणी बोटही लावलं नाही. चेंडू जोडला, तर पडद्यावर सूचना आली: ‘खेळाचं स्टीअरिंग जोडलं गेलं आहे.’

पेंटरने ती मोठ्याने वाचली. “आयुष्यात सायकलपुढे गेलो नाही,” तो म्हणाला, “आणि म्हातारपणी मोटार! हॉर्न कुठे आहे रे?”

दुकान उघडलं त्या सकाळी पाटी छापून वर चढली होती. अक्षरं जिथे भरायची तिथे भरलेली, जिथे निमुळती व्हायची तिथे केसासारखी. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा जास्तच लांबली होती. “तिथे ब्रेक लागला नाही,” पेंटर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. माझी लेक गर्दीत सगळ्यांत पुढे उभी राहून, हा आपला चेंडू, असं सांगत होती. मोटारीचं नाव तिने काढलं नाही.

त्यानंतर पेंटरने त्याच चेंडूने आणखी एक पाटी करून सूनबाईला भेट दिली. तिच्या खोलीच्या दारावर लावली आहे. एकच शब्द, पण काय डौल! ‘नाही’. वेलांटी अशी वळवली आहे की नकार ऐकायला माणूस आनंदाने आत जावा.

परवा लेक आली. काखेत खोकं, खोक्यात पायाने दाबायचं काहीतरी नवं. दारापाशी थबकली, पाटी वाचली आणि आतल्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेल्या माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“बाबा, हा शब्द काकांना तुम्ही सुचवलात ना?”

मी पेपर तोंडासमोर धरला आणि दुसरा हात लांब करून सूनबाईच्या टेबलावरच्या घंटेवर टपली मारली.