सोंगाची पाळी

बायकोची पाळी सहा दिवस लांबलेली असताना ‘ती बाहेर बसली आहे’ असं मी आईला सांगितलं. तसं सांगायची काहीही गरज नव्हती.

बहात्तर साल. मी भिंगारला लष्कराच्या एका गोदामात कारकून होतो आणि आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बायको नगरला शिक्षिकेचा कोर्स करत होती, शेवटचं वर्ष. मुलीच्या वेळी तिला तो मध्येच सोडावा लागला होता. पुन्हा नाव घालून घ्यायला प्राचार्यबाई तयार नव्हत्या. घेतलं तेव्हा म्हणाल्या, "आता परत सोडलंत तर इकडं फिरकू नका." मुलगी दीड वर्षाची. तिला सांभाळायला आई गावाहून येऊन राहिली होती आणि आईला नातू हवा होता. हे ती रोज देवाला सांगायची, आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं.

त्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नव्हताच, पण महिने पावसाळ्याचे, आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला नेवाशाला गेली. तीन आठवडे घर मोकळं. सरकारी निरोध मी जपून ठेवले होते. इतके जपून, की पत्र्याच्या पेटीत घालून ती पेटी सगळा उन्हाळा पत्र्याच्याच छपराखाली माळ्यावर ठेवली होती. फाटला.

"एका वेळेनं काही होत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही होत," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन नगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक. "मळमळेल, उलट्या होतील, तरी सोडू नका. पाळी मागंपुढं होईल. आठ दिवसांच्या वर गेली तर दाखवायला या." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही वस्तू थंड जागेत ठेवत चला."

पाच दिवस ती मोरीपाशी बसून ओकत होती. एक गोळी उलटीतून पडली की पोटात राहिली, ते कळेना. तशीच दुसरी घ्यायची का, हे बाईंना विचारून यायला तिनं मला सांगितलं. मी सायकल काढली, दवाखान्यापर्यंत गेलो. बाहेर बाकावर सगळ्या बाया बसल्या होत्या. मी सायकल वळवली आणि घरी येऊन सांगितलं, नको म्हणाल्या.

तारीख आली आणि गेली. राहिलं असेल तर बाळंतपण चैत्रात, आणि परीक्षाही तेव्हाच. शिवाय इतक्या गोळ्या पोटात गेल्यात, त्यानं त्या जिवाला काही झालं असेल तर? हे ती एकदाच बोलली, पण त्यानंतर मला जेवण जाईना. संध्याकाळी मी सायकल लावायच्या आत दाराकडं बघायचो. ती वर न बघता मान हलवायची. नाही. गोदामात मी घोंगड्यांच्या जागी तंबू लिहिले आणि साहेबांनी मला घरी काही आजारपण आहे का विचारलं. आजारपणच असतं तर सांगितलं असतं.

सहाव्या दिवशी आई एसटीनं परत आली. बायको भिंतीला टेकून चटईवर बसली होती, तोंड उतरलेलं. आईनं पिशवी ठेवली. "हिला काय झालं रं?"

मला एकदम वाटलं, आईला आता सगळं कळणार. "काही नाही, बाहेर बसलीय," मी म्हणालो.

"कवाधरनं?"

"आजच."

आईनं लगेच मुलीचं झबलं काढलं. नागड्या पोराला विटाळ लागत नाही, म्हणजे मुलगी तिच्या आईकडं जाऊन आली तरी चालतं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पाणी आणायचं निमित्त करून नळावर गेलो. आई देवळात गेल्यावर ती म्हणाली, "अहो, आत्याबाई नेवाशाला होत्या तेव्हाच झालं म्हणाला असतात, तर मिटलं असतं."

हे मला सुचलं नव्हतं. आता तिला तीन दिवस गोणपाटावर बसणं आलं. वेगळी ताटली, वेगळा तांब्या. कॉलेजला जाऊन आली की पुन्हा कोपरा. आई लांबूनच वाढायची आणि म्हणायची, "पोरी, ह्या खेपंला लई गळालीस." बायको मान खाली घालून भाकरी मोडायची. मला वाटायचं, ही आता रडणार, नाहीतर मला ताटली फेकून मारणार. चौथ्या दिवशी न्हाणं. नळाला दिवसाआड पाणी, आणि मी सोंगासाठी दोन घागरी भरून आणल्या.

आठवा दिवस उलटला तसे आम्ही बाईंकडं गेलो. त्यांनी तपासलं. "इतक्यात सांगता येत नाही. आणखी आठ दिवस बघा." उलटीतल्या गोळीचं तिनंच विचारलं. बाई म्हणाल्या, "तेव्हाच यायचं होतं, दुसरी दिली असती." बाहेर आल्यावर ती भिंगारपर्यंत पायी चालली. मी सायकल हातात धरून मागं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती. मध्येच उठली, मोरीत गेली. बाहेर आली ती थेट कोपऱ्यात. गोणपाट अंथरलं, त्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मला कळलं. मी उंबऱ्यावर बसलो.

"आगं, ऊठ," आई म्हणाली. "आत्ता तर न्हालीस."

"अशक्तपणा आहे तिला," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोसमोर उकिडवी बसली. "पोरी, तू सांग. ह्याचं काय ऐकू नगं."

बायकोनं सगळं सांगितलं. पेटी, गोळ्या, परीक्षा, मी दवाखान्याच्या दारातून परत आलो तेसुद्धा. आता नातवाचं निघणार म्हणून मी सायकलीची किल्ली शोधायला लागलो.

"मला पाच झाली," आई म्हणाली. "हवं का नगं, कुनी इचारलं न्हाई."

मग ती चुलीपाशी गेली. सुनेनं अर्धं मळून ठेवलेलं पीठ विटाळाचं म्हणून टाकलं नाही; परात पुढं ओढली आणि पहिली भाकरी थापायला घेतली.

"गोळ्या तिनं गिळायच्या, ओकायचं तिनं, बसायचं बी तिनंच," ती म्हणाली. "पुढल्या खेपंला तू बस कोपऱ्यात. तसा बी तुजा घरात उपेग काय हाय?"