खळ घातलेला झगा
पांढऱ्या झग्यावर गरम इस्त्री फिरली, की खळीच्या वासाबरोबर मला दादरच्या चर्चचा हॉल आठवतो. दीक्षा घेऊन डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पदाचे धर्मसेवक, होऊ घातलेले नवरे आणि आम्ही त्यांच्या बायका वर्गाला बसलो होतो. माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. फादर म्हणाले, "दीक्षेनंतर बायको वारली, तर दुसरं लग्न करता येत नाही. म्हणून बायकोची संमती लागते." माझ्या नवऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "फादर, माझी दीक्षा वर्षभर पुढे ढकलता येईल?" बाकीच्या बायका चहाच्या कपात बघू लागल्या. मी म्हटलं, "कशाला फादर? माझी संमती आजच घ्या." सगळ्यांसमोर त्याला माघार घेता आली नाही. यंदा गाठ परत आली आहे. डीकनसाहेबांच्या झग्याला मी हल्ली जरा जास्तच खळ घालते.