आत्यावर रुसलेलं वर्तुळ

“त्या गोल्याला माझं गाणं पसंत नाय,” आत्या शेजारी बसलेल्या माझ्या काकूंना म्हणाली आणि हळदीची वाटी खाली ठेवून तिने पदर खोचला.

तोपर्यंत आमच्या घराण्यात आत्या इतरांवर रुसत आली होती. एखादी भौमितिक आकृती आत्यावर रुसण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती आकृती मी काढलेली होती.

हे चाललं होतं लोधिवलीला, काकांच्या अंगणात, त्यांच्या नितेशच्या म्हणजे माझ्या चुलत भावाच्या हळदीला. मी मांडवाच्या खांबामागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टॅब घेऊन बसले होते. (लग्नकार्यात मी नेहमी खांबामागेच असते. मांडव खांबांशिवाय उभा राहत नाही, हे माझ्यासारख्यांवर फार मोठे उपकार आहेत.) समोर एक पांढरा कपडा ताणला होता आणि त्यावर माझं पिवळं वर्तुळ थरथरत होतं.

त्या टॅबवर एक ॲप आहे. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात त्याला. पडद्यावर छोट्या छोट्या पेट्या मांडायच्या आणि रंगीत वायरींनी एकमेकींना जोडायच्या. एक पेटी आवाज ऐकते, दुसरी तो गाळते, तिसरी त्याचं चित्र काढते. कुठली वायर कुठे खुपसली की काय होईल, हे मला आधी कधीच ठाऊक नसतं. त्यातच सगळी मजा! कर्जतच्या घरी दार लावून मी तासन्‌तास हेच करायचे. कुकरच्या शिट्टीला काटे फुटतात. पंख्याची घरघर विणकामासारखी दिसते. आणि बाबांचं घोरणं, खरं सांगते, भरतीच्या लाटांसारखं दिसतं. इतकं सुंदर, की मी ते जपून ठेवलं होतं.

ते बाबांच्या हाती लागलं. त्यांच्या घोरण्याला आयुष्यात कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. त्यांनी लगेच काकांना फोन लावला.

“अरे, हळदीला ती एलईडीची भिंत कशाला भाड्यानं आणतोस? आपली सायली करेल की!”

मी दारात उभी राहून दोन्ही हातांनी ‘नाही, नाही’ करत होते.

“हे बघ, आत्तापासूनच हातवारे करून सराव करतेय,” बाबा फोनवर म्हणाले.

झालं! मोहोपाड्याच्या एका ओळखीच्या क्लासमधून प्रोजेक्टर आला, मांडववाल्याकडून पांढरा कपडा आला आणि मी खांबामागे गेले.

पहिली अडचण आली ती नातेवाइकांची. टॅबची ऐकणारी पेटी कुणालाच परकं मानत नाही. कोण कुठली साडी नेसलंय, कुणाच्या सुनेचं काय चाललंय, नवरीकडच्यांनी काय काय दिलं, हे सगळं तिच्यात शिरत होतं आणि वर्तुळ हिवताप आल्यासारखं कापत होतं. म्हणून मी गाळणारी पेटी लावली. फक्त खालचे, जाड, धपाधप आवाज आत घ्यायचे. वरचे, बारीक आवाज बाहेर ठेवायचे. वर्तुळ एकदम शांत झालं. नातेवाईक गाळता येतात, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध होता!

तेवढ्यात डीजेवाल्याने तपासणीसाठी एकच ठोका दिला. धप्प! वर्तुळ फुगून कपडाभर झालं. मांडवात “ओऽऽ” झालं आणि मग अख्ख्या मांडवाला कुतूहलाचा झटकाच आला.

“पाय आपटून बघ रं!”

पोरांनी पाय आपटले. वर्तुळ उडालं. मामा खाकरले. वर्तुळाने मान डोलावली. काका उगाचच वर्तुळापाशी जाऊन जाड आवाजात “हॅलो, हॅलो, मी नवऱ्याचा बाप,” म्हणाले. वर्तुळाने त्यांना ओळख दिली. जुन्या हायवेवरून एक टेंपो घरघरत गेला, त्यालाही दिली. गोठ्यातली म्हैस रेकली, तिचं तर असं काही स्वागत झालं की टाळ्या पडल्या.

मग आत्याची पाळी आली.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. आमच्याकडे नवऱ्या मुलाला पहिली हळद तीच लावते आणि गात गात लावते. एकेका नातेवाइकाचं नाव गाण्यात गुंफायचं आणि एकेक बोट हळद लावायची, अशी तिची पद्धत. पण अलीकडे डीजे आले आणि गेल्या दोन्ही लग्नांत तिच्या गाण्याच्या मध्येच धपधप सुरू झालं होतं. दोन्ही वेळा ती ओठ मिटून बाजूला झाली होती. नितेश हा तिचा शेवटचा भाचा. म्हणून काकांनी या वेळी शब्द दिला होता : “अक्का, आधी तुझी गाणी. ती पुरी झाल्याबिगर डीजेनं बटणाला हात लावायचा नाय.”

आत्याने घसा साफ केला. (वर्तुळ जरा हललं.) आणि ती गायला लागली. तिचा आवाज बारीक, उंच, सुतासारखा. तिने पहिली ओळ म्हटली. वर्तुळ ढिम्म. दुसरी म्हटली. ढिम्म. तिसरीला तिने मान वर करून थेट वर्तुळाकडे बघत गायलं. ते ठिपक्याएवढं होऊन बसलं होतं.

“म्हशीला हलला आणि आत्याला नाय हलत!” कुठलं तरी पोर मोठ्याने म्हणालं. त्याच्या पाठीत धपाटा बसला. दुर्दैवाने त्या धपाट्यालाही वर्तुळ हललं.

तिथेच आत्याने वाटी खाली ठेवली.

आता मी बोलायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं! पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला जे माहीत असतं ते आत्याला सांगताना तोंडात भाताचा मोठा घास असल्यासारखं होतं. तरी मी खांबामागून बाहेर आले.

“आत्या, तुझी काही चूक नाहीये. तुझा आवाज ना, वरचा आहे. आणि मी वरचे आवाज गाळलेत.”

“गाळलंस?” आत्या म्हणाली. “मला? माझ्या भावाच्या दारात?”

“तुला नाही. तुझ्यासारख्या सगळ्यांना.”

(हे वाक्य मनात खूप बरं वाटलं होतं.)

आत्या उठली, आतल्या खोलीत गेली आणि तांदळाच्या पोत्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. तिथून आवाज आला, “टेंपोला मान हाय, म्हशीला मान हाय. पहिली हळद आता त्या गोल्यालाच लावाया सांगा!”

काकांचा चेहरा उतरला. “सायली, बंद कर गं ते.”

मी बटणाकडे बोट नेलं, तर आतून आत्या कडाडली, “बंद करू नका! अक्कानं बंद पाडलं म्हणून गावभर होईल. चालू दे त्याला. मी नाय लावत हळद.”

म्हणजे वर्तुळ चालूही ठेवायचं होतं आणि आत्यालाही उठवायचं होतं. नितेश पाटावर उघड्या अंगाने बसला होता. “बाय, लवकर काय तरी कर,” तो दात आवळून पुटपुटला. “मच्छर निस्ते तोडतायत मला!” आणि हळद लागल्याशिवाय पानं मांडायची नाहीत, हा आमच्याकडचा नियम. मागच्या अंगणातून मटणाचा वास येत होता, आणि सगळा मांडव आता आत्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. माझा खांब माझ्यापासून फार लांब होता.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि वायरी सोडवायला लागले. डोक्यात एक वेगळाच किडा वळवळत होता. मी कुकर ऐकला होता, पंखा ऐकला होता, बाबा ऐकले होते. आत्याचा आवाज कसा दिसतो? हे मी अजून पाहिलंच नव्हतं! मी गाळणी उलटी फिरवली. आता खालचे आवाज बाहेर, वरचे आत. बाकीची कुजबुज आत शिरू नये म्हणून टॅब आत्याच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवला. काकू दारात जाऊन गोड आवाजात म्हणाल्या, “अक्का, येकच वळ म्हणून बघा की.”

“त्याला नाय आवडत.”

“आवडंल. आता पोरीनं समजावलंय त्याला.”

(मी कुणालाही समजावलं नव्हतं. पण हे माझ्या स्पष्टीकरणापेक्षा चांगलं होतं.)

आत्याने भिंतीकडेच तोंड ठेवून, अर्धीच ओळ म्हटली.

कपड्यावरचं वर्तुळ उमललं. दुसरा शब्द मला सुचत नाही. ती ओळीच्या शेवटी आवाज जरा थरथरवते ना, तिथे कडेने पाकळ्या सुटल्या, एकीतून दुसरी. बाबांच्या लाटा काहीच नव्हेत. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मांडवात “ओऽऽ” झालं तशी आत्याने वळून बघितलं. “अगो बाय!” ती म्हणाली. एक पाकळी फडफडली. “आरं?” आणखी एक. ती पोत्यावरून उठली, उंबऱ्यापर्यंत आली आणि सावधपणे एक तान घेऊन बघितली. कपडा भरून गेला. काका आनंदाने जाड आवाजात “वा अक्का!” म्हणाले. वर्तुळाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“आता तुला नाय वळखत!” आत्या म्हणाली आणि वाटी उचलली.

टाळ्या पडल्या. टॅबची खुर्ची तिच्या शेजारी लागली. पहिली हळद लागली. काकूंनी डोळे पुसले. मी खांबामागे गेले. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण आत्या संपेना! मामा झाले, माम्या झाल्या, चुलते झाले. प्रत्येक नावाला वेगळं फूल उमलत होतं आणि पुढच्या नावाला कसं उमलतं हे आत्याला बघायचंच होतं. मग कोंडाणे गावचे सोयरे आले. मग वारलेली माणसं आली. मग शेजारी, मांडववाला, आणि दोन ओळी तर म्हशीवर खर्च झाल्या. (तिला माफ केलं असावं.) नितेशच्या अंगावरची पहिली हळद सुकून तडकली होती. डीजेवाला स्पीकरवर डोकं टेकून झोपला होता. आचाऱ्याने तिसऱ्यांदा निरोप पाठवला. आणि त्या वर्तुळाकडे बघत बसलेल्या आत्याला “पुरे” म्हणायची हिंमत तिच्या दोन्ही भावांत नव्हती. बाबा मला खुणा करायला लागले : कर काहीतरी!

मी मागून सरकत खुर्चीपर्यंत गेले, टॅबवरची चित्राची वायर गुपचूप काढली आणि परत खांबामागे आले. वर्तुळ मिटलं आणि ठिपका झाला.

आत्या ओळीच्या मध्येच थांबली. “काय झालं गं याला? परत रुसला माझ्यावर?”

तिचा आवाज एवढासा झाला होता. बॅटरी संपली म्हणावं, तर चार मामा चार चार्जर घेऊन धावले असते. मी वायर काढली म्हणावं, तर तांदळाचं पोतं अजून तिथेच होतं. ऐकणारी पेटी, गाळणारी पेटी, चित्र काढणारी पेटी, सगळं घशापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. मग खांबामागून बाहेर येऊन, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, मी म्हणाले,

“नाही गं आत्या, रुसला नाही तो. त्याला भूक लागलीये.”