कप्तानाच्या तोंडाचं पीठ

दुष्काळाच्या साली गुरुजींनी गॅदरिंगला सुरत बंदराचं नाटक बसवलं. इंग्रज कप्तान गलबतातून उतरतो, सुभेदाराला मुजरा करतो आणि वखारीला जागा मागतो, एवढीच गोष्ट. समुद्र आमच्यात कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. तिसगावच्या बाजारापलीकडं आमची दुनियाच नव्हती! बैल चाऱ्याच्या छावणीत होते, म्हणून रिकामी बैलगाडी झाली गलबत, आणि शिडाला गुरुजींचं धोतर. वर्गात उंच मी, आवाज खणखणीत, म्हणून मुलगी असून कप्तान मीच.

पण इंग्रज गोरा हवा आणि मी काळी ठिक्कर. गुरुजी म्हणाले, “तोंडाला पीठ लाव.” घरात सगळं रेशनच्या मिलोचं, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीचं, लाल पीठ. घरच्या जोंधळ्याचं पांढरं होतं ओंजळभर, ते धाकट्या भावासाठी. त्याला मिलो पचत नव्हता, पोट धरून रडायचा. मी मागितलंही नव्हतं. खडी फोडून आलेली आई आपणहून म्हणाली, “सायेब काय तांबडा आसतो व्हय? घे त्यातलं चिमूटभर.” लेक साहेब होणार म्हणून कोण कौतुक तिला! मी मेली तोंड, मान, हात पांढरे करता करता डबाच रिकामा केला.

नाटक रंगलं. “खाविंद, आम्ही फक्त व्यापाराला आलोय,” म्हणत मी नीळ मागितली, कापड मागितलं. शेवटी गुरुजींनी सांगितलं, पुढं सुरत मागं पडली, मुंबई बंदर वाढलं, आपल्याकडचा कापूस तिथून विलायतेला गेला. एक म्हातारा ओरडला, “आन् आता त्याच बंदरातनं मिलो येतोय! सायेब, तुमचं तुमी परत घिऊन जावा की!” लोक हसून लोळले. मीही कोळशाच्या मिशीवर ताव दिला.

खाली उतरले तर आई पितळी घेऊन उभी. तिनं रिकामा डबा पाहिला होता. सगळ्या गावादेखत माझी हनुवटी धरून ती गालावरचं पीठ बोटानं पितळीत पाडायला लागली.

“आये, लोकं बघत्यात!”

“बघू दे. भावाची भाकर हाय तुझ्या तोंडावर.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा हात झिडकारून मी शाळेच्या रांजणाकडं पळाले आणि उरलेलं सगळं खसाखसा धुऊन टाकलं.

घरी आईनं ते पीठ चाळून भाकरी थापली. तळहाताएवढी झाली. भावानं ती बघता बघता संपवली आणि म्हणाला, “आजून दे की.”

शरमेनं माझी मान वर होईना. आई माझ्याकडं न बघताच म्हणाली, “तेवढंच हुतं रं, बाळा.”