रिकामा सोडलेला रकाना

साउथहॅम्प्टनला बंदरात आलेल्या जहाजांवर चढायचं, दोष शोधायचे आणि जिवावर बेतणारा दोष सापडला तर जहाज अडकवून ठेवायचं, हे माझं काम. अडकवलं की फॉर्मवर एक रकाना भरायचा असतो: हा दोष क्लासच्या सर्व्हेयरला आधीच दिसायला हवा होता का? क्लास म्हणजे जहाज धडधाकट असल्याचं सर्टिफिकेट देणारी संस्था. ‘हो’ लिहिलं की ते तिच्या नावावर लागतं, वर्षाच्या यादीत ती खाली घसरते आणि तिच्या जहाजांची तपासणी वाढते. सगळं साधं आहे. फक्त रकाना भरणाऱ्याने खरं लिहायला हवं.

मी नाही लिहिलं.

त्या दुपारी एका मालवाहू जहाजावर लाइफबोटीच्या हुकावर हातोडी मारली. चांगलं लोखंड खणखणतं. हे बद्द वाजलं. ताजा पांढरा रंग खरवडला तर आत गंजाचे पापुद्रे सुटलेले. आणि ही बोट म्हणे माणसांसकट खाली सोडायची! मी जहाज अडकवलं, सर्टिफिकेट मागितलं. सहा आठवड्यांपूर्वीचं होतं. खाली सरांची सही.

सर म्हणजे माझे पहिले साहेब. मी या देशात आले तेव्हा जहाजदुरुस्तीच्या यार्डात मला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. सरांनी जवळ येऊन हळूच ‘जय भीम’ म्हटलं आणि मला रडूच फुटलं. हातोडी धरायला त्यांनीच शिकवलं. “रंगाला काय विचारतेस? लोखंडाला विचार,” म्हणायचे. रविवारी त्यांच्या घरी पिठलं-भाकरी ठरलेली. आता क्लासचा सर्व्हेयर म्हणून रिटायर व्हायला आलेला हा माणूस, आणि मी त्याच्या सहीवर बोट ठेवायचं?

‘क्रूचा हलगर्जीपणा’ असं लिहिलं आणि रकाना सोडून दिला. समुद्रावर गंज चढतोच, अशी स्वतःची समजूत घातली. सहा आठवड्यांत एवढा? काहीतरीच!

दुसऱ्या दिवशी सरांचाच फोन आला. “क्लासवर लावलंस का गं?”

“नाही, सर. काळजी करू नका.”

ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. सुटले बिचारे, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

त्या वर्षी त्यांची संस्था यादीत वरच राहिली. माझ्यासारखे आणखी किती जण होते कोण जाणे. पुढच्या उन्हाळ्यात तिच्याच दुसऱ्या एका जहाजावर लाइफबोट सोडायचा सराव चालू असताना हुक निसटला. लाइफबोट खाली आदळली आणि आतला फिटर गेला. दोन मुलींचा बाप. संस्था यादीत वर, म्हणून ते जहाज कित्येक महिने कुणी तपासलंच नव्हतं. सर्टिफिकेटवर सही सरांची.

तेव्हापासून तो बद्द आवाज माझी पाठ सोडत नाही. जिन्याचा कठडा, बसमधला दांडा, काहीही दिसलं की बोटांनी ठोकून बघते. मुलगी वैतागते, “आई, स्टॉप इट, लोक बघतायत.”

नॉटिंगहॅमच्या विहारात वंदना झाल्यावर सर भेटले. काठी टेकत आले. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, “माझे गुडघे कधीच गेले होते गं. वर चढवत नव्हतं. डेकवरूनच बघायचो आणि सही करायचो. सांगायची लाज वाटायची. ते जहाज तुझ्या हाती लागलं हे कळलं तेव्हा म्हटलं, चला, बरं झालं, आता आपण पकडले जाणार. ही पोरगी काही मला सोडायची नाही. म्हणून तर फोन केला होता.”

मला रागच आला. त्यांचा, माझा, त्या पिठल्याचासुद्धा. “मग तुम्ही का नाही बोललात, सर?”

“तू का नाही लिहिलंस?”

सोमवारी मी ऑफिसला लिहून दिलं की तो रकाना मी जाणूनबुजून रिकामा सोडला, आणि का सोडला तेही. नोकरी राहील न राहील. मग सरांना फोन करून सगळं सांगितलं.

ते “बरं” म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्या फिटरच्या मुलींना काय सांगायचं, ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं.