नखांचं शिकलेली झुंबर

लालिंगचा घाट मागे पडला तरी झुंबर बोलायला तयार नव्हती. दोंडाईच्याहून निघाल्याला चौथा दिवस होता. चैत्रात वणीच्या देवीला पायी निघालेली पंचवीस-तीस माणसं पार पुढे गेली होती, त्यांच्या ढोलकीचा आवाजही आता ऐकू येत नव्हता. मागे राहिल्या दोघीच. मंदाबाई पाय दुखत होता म्हणून, आणि झुंबर, तिला त्यांना एकटं सोडवेना म्हणून.

मंदाबाई दोंडाईच्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत. झुंबर चौथीला त्यांच्याच वर्गात होती. आता ती तेवीस वर्षांची झाली होती, तरी बाईंशी बोलताना पदर सावरायची आणि शाळेतलं मराठी बोलायची. मन भरून आलं की मात्र आपसूक घरच्या अहिराणीवर यायची.

तिच्या पिशवीत बिस्किटांची एक पत्र्याची डबी होती. पावलागणिक ती खुळखुळायची.

"काय गं त्यात? देवीला बांगड्या?" मंदाबाईंनी विचारलं.

"नाही बाई. माझं सामान आहे. नखांचं."

"ते कशाला ओझं आणलंस इथवर?"

झुंबरने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "देवीच्या पायरीवर ठेवून येणार. परत न्यायचंच नाही."

मंदाबाईंना पुढे विचारायची गरज नव्हती. अख्खा गाव जाणत होता, तेवढं त्याही जाणत होत्या.

झुंबर न्हाव्याच्या घरची. बाप अभिमन बाजारपेठेत दुकान चालवायचा, आणि आई पार्वताबाईला लग्नघरी मान होता. हळद लागायच्या आधी नवरीला पाटावर बसवायचं आणि पार्वताबाईने नराणी घेऊन तिची नखं काढायची. नराणी म्हणजे बोटभर लांबीचं धारेचं हत्यार, न्हाव्याच्या धोकटीतलं. नखं निघाली की पार्वताबाईच्या ओटीत साडीचोळी पडायची, आणि मगच हळदीचं ताट पुढे यायचं. तीस वर्षांत तिच्या हातून रक्ताचा थेंब आला नाही, असं बायका सांगत. मग एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या पार्वताबाईचं उजवं अंग गेलं.

अभिमनने पोरीला जळगावला मावशीकडे ठेवलं. एक्याण्णव साल असेल. नव्या पेठेत सुनंदाबाई म्हणून एक बाई पार्लरचा क्लास घेत. बाकीच्या मुली भुवया कोरणं आणि केस कापणं शिकायला धडपडत, झुंबर नखांपाशीच रमली. कोमट पाण्यात बोटं भिजवायची, नखांना कानस लावून गोलाई आणायची, मुळाशी चढलेली कातडी मागे सारून कात्रीने काढायची, मग रंग. सुनंदाबाई म्हणत, "गिऱ्हाईकाचा हात घेतला की लगेच हत्यार उचलू नकोस. आधी नुसता धर. तिची भीती जाते, आपलीही जाते." सहा महिन्यांनी सर्टिफिकेट मिळालं. अभिमनने ते काचेत बसवून दुकानात दोन आरशांच्या मधोमध टांगलं.

पण दोंडाईच्यात नखं करून घ्यायला कोण येणार? बायका हसत. "दात शेतस ना आम्हले, कुरतडी टाकसूत!" म्हणत. झुंबर घरी आईच्या निकामी हाताची नखं करत बसायची. पाच महिने तिचं गिऱ्हाईक एवढंच.

मग गावातल्या लोटन नानांच्या मुलीचं लग्न निघालं. पार्वताबाईचं घर म्हणून मानाचं बोलावणं झुंबरला आलं. ती हळदीच्या दोन दिवस आधीच गेली, डबी घेऊन, नवी साडी नेसून. नुसती नखं काढली असती तर निभावलं असतं. पण तिला वाटलं, शिकून आलेय ते दिसू दे. तिने मुळाची कातडीही काढली. डाव्या अंगठ्याला कात्री जरा खोल गेली. एवढंसं रक्त आलं, कापसाने पुसलं, वरून लाल रंग लावला. नवरी बिचारी हसत होती.

हळदीच्या दिवशी अंगठ्याला नखुरडं झालेलं. सूज मनगटाकडे चढत होती. चुडा भरायला कासारीण आली, तिने हात दाबला तशी पोर किंचाळून उठली. उजव्या हातात चुडा भरला, डावा हात तसाच राहिला. एका हाताने मोकळी नवरी मांडवात उभी राहिली. सगळ्यांनी पाहिलं, कोणी काही बोललं नाही. बोलले सहा महिन्यांनी. नवऱ्याने तिला माहेरी आणून घातलं तेव्हा.

"बाई," झुंबर एकदम म्हणाली, "ती परत आली ते माझ्यामुळेच ना?"

मंदाबाई थबकल्या. रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. माणसाचा संसार बांगडीवर टिकत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांनी स्वतः यजमान गेल्यापासून बावीस वर्षं हातात बांगडी घातली नव्हती, आणि त्या दिवशी ती कोणी आणि कशी उतरवली ते त्या विसरल्या नव्हत्या. ओठांवर आलेले शब्द त्यांना खरे वाटेनात.

"देवीला माहीत," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग आपण पोरीला काहीच दिलं नाही, याचं वाईट वाटत त्या पुढे चालू लागल्या.

त्याच तंद्रीत त्यांचा पाय दगडावर आपटला. घाटात आधीच ठेचाळलेला तोच अंगठा. नख मधोमध चिरलं, अर्धं उभं राहिलं आणि चपलेच्या पट्ट्यात अडकू लागलं. आर्वीला पोचेपर्यंत झुंबरच्या खांद्यावर त्यांचा सगळा भार होता.

आर्वीत लिंबाखाली मंडळी टेकली होती. म्हातारी दगडी अक्का तंबाखू मळत ओरडली, "उनी का वं मास्तरीन! आम्हले वाटनं, तू धुळाले परत गयी!" पाय पाहिला तशी ती झुंबरकडे वळली. "अवं, तू ते नखेसनी डाक्टरीन शे ना? मंग देखत काय बसनी? काढी दे! का नवरीना चुडागत बाईनी वारीबी अडकाडशी?"

दोन-चार जणी हसल्या. झुंबर खाली मान घालून पाणी आणायला गेली, ती पंगत बसली तरी आली नाही.

मंदाबाई झाडाखाली एकट्याच राहिल्या. वाकायला गेलं की गुडघा साथ देईना, आणि नख साडीच्या काठात अडकलं की डोळ्यापुढे अंधारी येई. झुंबर शेवटी आली, तांब्याभर कोमट पाणी घेऊन. चहाच्या टपरीवरून मागून आणलं होतं. समोर बसली. डबी उघडली.

"बाई, साखर आहे तुम्हाला?"

मंदाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं झाली. डॉक्टर पायाला जपायला सांगतो."

झुंबरने डबी मिटली. "मंग मी नही करस बाई. मन्हा हातथीन नको. जखम भरावनार नही, पाय जाई तुम्हना."

"असं अडकत राहिलं तरी जाईल गं."

"धुळ्याची यष्टी धरू. दवाखान्यात जाऊ."

"दवाखाना आहेच. पण तोवर हे मुळापासून उपटलं तर? उभं राहिलेलं तेवढं काढ. आणखी काही करू नकोस."

पंगतीतून वाढणाऱ्यांच्या हाका येत होत्या. मग झुंबरने त्यांचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं. तिचे तळहात गार होते, बर्फासारखे. मंदाबाईंनी मनात देवीचं नाव घेतलं, पण आपल्या पायासाठी घेतलं की तिच्या हातासाठी, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तिने अंगठा कोमट पाण्याने धुतला, कटर स्पिरिटने पुसला. सुटलेलं नख कडेने जरा जरा कापत गेली. मधेच थांबायची, श्वास सोडायची, हात पदराला पुसायची. कात्री बाहेर काढली, मुळापाशी नेली आणि तशीच परत ठेवली. कातडीला तिने हात लावला नाही. अर्धं नख निघालं, उरलेलं कानशीने गुळगुळीत केलं. वेडंवाकडं दिसत होतं ते. रक्त आलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी त्या नवरीचंही थोडकंच आलं होतं, हे दोघींना ठाऊक होतं.

"बरं वाटलं गं," मंदाबाई म्हणाल्या.

झुंबरला ते ऐकून आनंद झालेला दिसला नाही. ती अंगठ्याकडेच पाहत राहिली.

"बाई, एक मागू?"

"माग."

"तुम्ही इथूनच धुळ्याला दवाखान्यात चला, मी येते सोबत. देवी पुढल्या वर्षी. आणि आठ दिवस रोज सकाळी मला हा अंगठा दाखवा. सुजला, तर माझं मन राखायला लपवू नका." तिने डबी पिशवीत घातली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण दगडी अक्कांनी विचारलं तर सांगा, नख तुम्हीच काढलं."