सत्तावीस नंबरची शिडी

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सिकंदराबादच्या एका गल्लीत, टेलिफोनच्या खांबाला लावलेल्या शिडीची सहावी पायरी सुटली. वर चढलेला लाइनमन खाली पडला. उजवा घोटा आणि मनगट मोडलं. शिडी आमच्या कारखान्यात बनलेली होती. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांच्या घरी एकामागून एक जोडण्या जाऊ लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट.

दुपारी ती शिडी कुकटपल्लीला आमच्या शेडमध्ये आणली. सोबत लाइनमनचा जोडीदार होता. तो प्रत्येकाला सांगत होता, "मैं पकडके खडा था साब, छोडा नै." पानीसाबांनी सुटलेली पायरी उचलली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहिली. मग ते त्याला म्हणाले, "तुम्हारी गलती नै. सीढी पकडने से डंडा नै रुकता."

पानीसाब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. ते मूळचे नांदेडचे, राहायला हैदराबादेत नल्लकुंट्याला, आणि आमच्या जोडकाम विभागाचे प्रमुख. शिडीचे उभे दांडे फायबरचे असत, कारण तारेला लागले तरी त्यांतून वीज उतरत नाही. पायऱ्या, म्हणजे कामगारांच्या बोलीत डंडे, अॅल्युमिनियमच्या. रिव्हेट मारायचं तर फायबरला भोक पडतं आणि भोकापासून चीर जाते. म्हणून पायरीची टोकं दांड्यातल्या खोबणीत गोंदाने बसवत. तो दोन डब्यांतून एकत्र कालवायचा रासायनिक पदार्थ होता, पण शेडमध्ये सगळे त्याला गोंदच म्हणत. शिडीवर चढणारा माणूस त्या गोंदावर उभा असे.

त्यांचं टोपणनाव मगामुळे पडलं. अॅल्युमिनियमची टोकं आम्लात धुऊन आली की पानीसाब त्यांवर मगभर पाणी ओतत आणि तीसपर्यंत आकडे मोजत. पाणी एकसंध पसरून राहिलं तर धातू स्वच्छ. मध्येच त्याचे थेंब झाले, तर 'पाणी फुटलं' म्हणत आणि सगळी रास परत धुवायला पाठवत. कोणी बोट लावलेलं असलं तरी पाणी फुटे. "क्या पानीसाब, आज डंडे को प्यास लगी?" कामगार विचारत. "डंडे को नै, तुम्हारे बालां के तेल को लगी," असं उत्तर ठरलेलं असे.

स्वतः त्यांनी डोक्याला तेल लावणं सोडलं होतं. हस्तांदोलन ते करत नसत. पुढे केलेल्या हाताला मान डोलावून उत्तर देत. त्यांचे पांढरे सुती हातमोजे घरी वेगळ्या बादलीत धुतले जात. एकदा मी जेवायला गेलो होतो तेव्हा वहिनींनी मला ती बादली दाखवली. "आमच्या घरी सोवळं एवढंच उरलंय भाऊजी," त्या म्हणाल्या. "हिच्यात माझी साडीसुद्धा चालत नाही."

मी खरेदी विभागात होतो. ते मला 'अहो खरेदी' म्हणूनच हाक मारत.

त्यांचा दुसरा नेम साक्षीदाराचा. प्रत्येक रास जोडताना त्याच गोंदाने फायबर आणि अॅल्युमिनियमच्या दोन लहान पट्ट्या जोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या यंत्रात ओढून तोडायच्या. या जोडीला ते साक्षीदार म्हणत. साक्षीदार किती जोराला तुटला ते पाहून शिड्यांवर सही करत. "तोडल्याशिवाय कळत नाही, आणि तोडली की शिडी उरत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. जोड पक्का आहे की नुसता टेकून बसला आहे, हे वरून ठोकून, वाजवून समजत नाही, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

मागणी वाढली तेव्हा साचेखाना मागे पडू लागला. फायबरचे दांडे साच्यात बनत. ते साच्याला चिकटू नयेत म्हणून साच्याला हाताने मेण घासत. त्याला अर्धा दिवस जाई. परवान्याशिवाय बाहेरचा माल मिळायला लागल्यावर एक विक्रेता फवाऱ्याचा डबा घेऊन आला. दोनदा फवारला की दांडा अलगद सुटे. तो डबा मी मागवला. आठवडाभराने पानीसाबांची चिठ्ठी आली: 'त्यात काय आहे, ते कळवावे.' डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. विक्रेत्याला विचारायचं म्हणून मी चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली. ती तिथे राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचा संशय कायम धातूवर असे. फायबरवर लागलेलं मेण खोबणी काचकागदाने घासली की निघतं, हा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता.

त्या मंगळवारी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. सगळा गोंद पायरीच्या टोकावर होता. दांड्याच्या खोबणीत नखाएवढाही नव्हता. गोंदावर खोबणीचा हुबेहूब ठसा होता, साच्यातून काढलेल्या वडीसारखा.

"गोंद मधून फाटला असता तर दोन्हीकडे राहिला असता," ते म्हणाले. "हा धातूला चिकटला. फायबरला चिकटलाच नाही."

मग त्यांनी कोऱ्या दांड्याच्या, घासून तयार केलेल्या खोबणीवर मगभर पाणी ओतलं. फायबरवर पाणी ओतताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. अळूच्या पानावरून जावं तसं पाणी घरंगळून गेलं. त्यांनी आकडे मोजले नाहीत. फवाऱ्यात सिलिकॉन होतं, हे नंतर कळलं. ते काचकागदाने घासल्यावर निघालं नव्हतं, उलट सगळीकडे पसरलं होतं.

"आणि साक्षीदार?" मी विचारलं.

साक्षीदाराच्या फायबरच्या पट्ट्या जुन्या सपाट तक्त्यांतून कापलेल्या होत्या. मेणाच्या काळातल्या. त्यांना फवारा लागलेला नव्हता.

"साक्षीदार खरं तेच बोलला हो," पानीसाब म्हणाले. "पण तो तिथे नव्हता." पायरी खाली ठेवत ते म्हणाले, "मी चिठ्ठी पाठवली होती ना, अहो खरेदी?"

"आली होती," मी म्हणालो.

त्या विषयावर ते यापेक्षा जास्त कधीच बोलले नाहीत.

फवाऱ्यानंतर टेलिफोन खात्याकडे चाळीस शिड्या गेल्या होत्या. चाळीसही शिड्यांवर पानीसाबांची सही होती. व्यवस्थापकांनी त्यांना विचारलं, "एक पडली. बाकीच्यांची तक्रार आहे का?"

"नाही."

"मग?"

"बाकीच्या अजून पडल्या नाहीत, एवढंच."

फवारा बंद झाला. शिड्या परत मागवायचं पत्र मात्र निघालं नाही. बदली शिड्या द्याव्या लागल्या असत्या. पानीसाबांनी स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं. टेलिफोनच्या भांडारातून उत्तर आलं की शिड्या आता ठेकेदारांकडे आहेत.

त्यानंतर दर रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून निघत असू. दांड्याच्या तळाशी नंबर ठोकलेला असे. नंबर जुळला की पानीसाब ठेकेदाराला समजावत, आणि त्याने हो म्हटलं तर करवतीने दांडे कापून टाकत. काहींनी ऐकलं, काहींनी हाकललं. हाकललेल्यांकडे ते पुढच्या रविवारी पुन्हा जात. एका ठेकेदाराने त्यांना भंगारवाला समजून जुनी सायकलही दाखवली. वर्षभरात अपघाताची धरून एकोणचाळीस शिड्यांचा हिशोब लागला. राहिली सत्तावीस नंबरची.

ती सिकंदराबादला एका मंडपवाल्याकडे सापडली. लग्नाच्या हॉलसमोर त्याचं काम चालू होतं. पानीसाबांनी त्याला सगळं सांगितलं. गोंद, फवारा, पायरी.

"नक्को साब," मंडपवाला म्हणाला. "शादियां का सीजन है. सीढी देतूं तो लाइटां क्या हवा में लटकाऊं?"

"आदमी गिरेगा."

"साल भर से चढ रै. ये देखो." तो स्वतः चौथ्या पायरीवर चढला आणि दोनदा जोरात उडी मारली. "पहाड है साब, पहाड!"

"आज है," पानीसाब म्हणाले.

मंडपवाला हसला. आत हॉलमध्ये खुर्च्या मांडायचं काम चालू होतं. त्याने कारागिराला हाक मारली. कारागीर दिव्यांच्या माळेचं वेटोळं खांद्यावर टाकून चढू लागला. पानीसाबांनी खिशातले पांढरे हातमोजे काढून हातात घातले, दोन्ही दांडे घट्ट धरले आणि वर पाहत उभे राहिले. माळा लावायला पाऊण तास लागला. कारागीर उतरून शिडी दुसऱ्या खांबाकडे नेई, तेव्हा तेही तिच्याबरोबर जात. मंडपवाल्याने त्यांच्यासाठी चहा पाठवला. त्यांनी तो घेतला नाही. हात मोकळे नव्हते.

माणूस खाली उतरला. दिवे लावून पाहिले, सगळे लागले.

सीजन संपल्यावर शिडी देईन, असं मंडपवाल्याने आम्ही निघताना कबूल केलं होतं. सीजन संपल्यावर आम्ही गेलो तेव्हा गोदामाला दुसऱ्याच माणसाचं कुलूप होतं. मंडपवाला शहराबाहेर गेला, एवढं शेजारच्याने सांगितलं. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

पानीसाबांनी त्या वर्षअखेरीस स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर चार वर्षांनी नल्लकुंट्याच्या घरी ते वारले. सत्तावीस नंबरची शिडी मिळाली नाही.